उठावाचा टाका आणि कष्टांचा हिशेब

आदिलाबाद जिल्ह्यातील नार्नूरच्या परिसरात कापसाचे बोंड फुटले म्हणजे कसे दिसते, हे आमच्या वाचक भगिनींस सांगावयास नको. क्रोशाच्या विणकामातही दोऱ्याचा असाच शुभ्र गोळा उठविता येतो. मक्याच्या लाहीवरून त्यास पॉपकॉर्न टाका असे नाव पडले आहे. ज्यांना साखळी, मुका खांब व खांब येतात, त्यांनी हा टाका अवश्य शिकावा. मात्र टाक्याबरोबर त्याचा हिशेबही शिकावा, असे आम्हांस वाटते.

कृती अशी आहे. एकाच घरात पाच खांब घालावेत. नंतर सुईवरील फासा किंचित सैल करून सुई काढून घ्यावी. ती पहिल्या खांबाच्या माथ्यातून पुढून मागे घालावी आणि सोडलेला फासा त्यातून ओढून घ्यावा. वर एक साखळी घालून तोंड घट्ट बांधावे. पाचही खांब एकत्र येऊन गोळा पुढे फुगतो. त्याच्या शेजारी एक-दोन साधे खांब घालावेत, म्हणजे उठाव खुलून दिसतो. पुढील ओळीत या पाच खांबांचा मिळून एकच टाका मोजावा. नवशिक्यांची चूक येथेच होते. पाच मोजले की कड झालरीसारखी पसरते आणि सारी ओळ उसवावी लागते. इस्त्री करताना वीण जाड पंचावर उलटी ठेवावी, नाहीतर गोळे चपटे होतात.

उठावदार क्रोशाकाम हे केवळ हौसेचे काम नव्हे. आयर्लंडात १८४५ साली बटाट्याच्या पिकावर रोग पडून भीषण दुष्काळ आला, तेव्हा मठवासिनी भगिनींनी गरीब मुलींना क्रोशाकाम शिकविले आणि कित्येक घरांच्या चुली त्यावर पेटल्या. आपल्याकडे हीच कला गोदावरीच्या मुखाजवळील नरसापूर येथे एकोणिसाव्या शतकात मिशनऱ्यांनी आणली. १९५६ पासून २०१४ पर्यंत नार्नूर व नरसापूर ही दोन्ही गावे एकाच आंध्र प्रदेश राज्यात होती. २०२४ साली नरसापूरच्या क्रोशा लेसला भौगोलिक मानांकन मिळाले.

परंतु या कीर्तीची दुसरी बाजूही आहे. मारिया मीस या जर्मन विदुषींनी नरसापूरच्या लेस विणणाऱ्या स्त्रियांवर १९८२ साली ग्रंथ प्रसिद्ध केला. माल परदेशी जात होता, पण विणणाऱ्या स्त्रियांच्या हाती अत्यल्प मजुरी पडत होती, असे त्यांना आढळले. घरबसल्या फावल्या वेळचे काम म्हणून त्या श्रमांची गणनाच होत नसे.

म्हणून आमची सूचना एवढीच की, विणावयास बसताना जवळ एक वही असू द्यावी. काम सुरू करण्यापूर्वी व संपल्यावर दोऱ्याचा गुंडा तोलावा; रोज किती तास बसलो ते लिहावे. जेथे एका खांबाने भागले असते तेथे या टाक्यात पाच लागतात, हे ध्यानात धरावे. बाप्तिस्म्याचे टोपरे वा वेदीचे वस्त्र विणताना ही वही मिटून ठेवली तरी चालेल. ते दान आहे. परंतु विक्रीसाठी विणाल तेव्हा ती उघडूनच किंमत सांगावी. मुलीच्या हाती सुई देताना ही वहीही द्यावी. स्वतःच्या कष्टांचे मोल ओळखणे हा लोभ नव्हे.