जोडीतले दुसरे चित्र

व्ह्यूमास्टर नावाचे खेळणे तुमच्यापैकी पुष्कळांनी लहानपणी डोळ्यांना लावले असेल. पुठ्ठ्याची गोल चकती आत सरकवायची, बाजूची कळ दाबायची, की खिडकीत एखादे देऊळ नाहीतर हत्ती उभा राहायचा. चकतीवर चौदा चित्रे असत, पण दृश्ये दिसत सातच. चकती बाहेर काढून उजेडात धरली की समोरासमोरची दोन चित्रे सारखीच दिसत. "एकच चित्र दोनदा कशाला छापलंय?" असे मी वडिलांना विचारले होते. "दोन डोळे आहेत म्हणून," ते म्हणाले. हे उत्तर अर्धेच बरोबर होते. चित्र एकच नव्हते.

ही आठवण यायला एक निमित्त घडले. मला एका जुन्या स्टीरिओ कार्डाची प्रत हवी होती. शंभराहून अधिक वर्षांपूर्वीचा तो फोटो ज्या संग्रहात आहे तिथे मी पत्र पाठवले. त्यांनी तत्परतेने प्रत पाठवली. स्वच्छ, मोठी, तपशीलवार. पण ती कार्डाच्या डाव्या अर्ध्या भागाचीच होती. उजव्या भागाचे काय, असे विचारल्यावर उत्तर आले की तोच फोटो तिथे पुन्हा छापलेला आहे, म्हणून एकाचीच प्रत काढली. त्या संग्रहाचे नाव सांगण्यात अर्थ नाही, कारण ही समजूत अनेक ठिकाणी आढळते. ज्या गोष्टीसाठी ते कार्ड मुळात तयार झाले, नेमकी तीच गोष्ट या समजुतीमुळे नाहीशी होते.

ती गोष्ट कोणती, हे पाहण्यासाठी हात लांब करून अंगठा उभा धरा. आळीपाळीने एक एक डोळा मिटा. मागच्या भिंतीच्या तुलनेत अंगठा उडी मारताना दिसेल. अंगठा नाकाजवळ आणला तर उडी मोठी होते, दूर नेला तर लहान. आपल्या डोळ्यांमध्ये साधारण साडेसहा सेंटिमीटर अंतर असते. त्यामुळे दोन्ही डोळ्यांना मिळणारी चित्रे किंचित वेगळी असतात, आणि त्या फरकातून मेंदू वस्तूच्या अंतराचा अंदाज बांधतो. जागा बदलल्यामुळे वस्तू सरकल्यासारखी दिसणे म्हणजे पराशय. खगोलशास्त्रज्ञ ताऱ्यांची अंतरे याच तत्त्वावर मोजतात.

चार्ल्स व्हीट्स्टन यांनी १८३८ मध्ये लंडनच्या रॉयल सोसायटीपुढे हे मांडले, तेव्हा फोटोग्राफीची जाहीर घोषणा व्हायला एक वर्ष बाकी होते. त्यांच्याजवळ फोटो नव्हतेच. त्यांनी घनासारख्या आकृत्यांची साधी रेखाचित्रे काढली, एक डाव्या डोळ्याला दिसेल तसे आणि एक उजव्या डोळ्याला दिसेल तसे, आणि दोन आरशांच्या मदतीने ती एकेका डोळ्याला दाखवली. सपाट कागदावरच्या रेघा हवेत उभ्या राहिल्या. घनाच्या रेघा हाताने काढता येतात, पण झाडाच्या प्रत्येक पानाची दोन अचूक चित्रे कोणता चित्रकार काढणार? फोटोग्राफी आली आणि ही अडचण मिटली. डेव्हिड ब्रूस्टर यांनी आरशांऐवजी भिंगे वापरून आटोपशीर पेटी बनवली. १८५१ च्या लंडन प्रदर्शनात ती राणी व्हिक्टोरियाला आवडली, आणि मग ती पेटी श्रीमंतांच्या दिवाणखान्यात असणे हे प्रतिष्ठेचे लक्षण झाले.

तिला सामान्य घरांपर्यंत नेले ते बोस्टनचे डॉक्टर आणि लेखक ऑलिव्हर वेंडेल होम्स यांनी. त्यांनी १८६१ मध्ये हातात धरायचा एक साधा, स्वस्त स्टीरिओस्कोप तयार केला आणि त्याचे पेटंट मुद्दामच घेतले नाही. त्याआधी १८५९ च्या एका लेखात त्यांनी एक कल्पना मांडली होती: पुस्तकांची असतात तशी स्टीरिओ चित्रांची ग्रंथालये असावीत, आणि जगातली कोणतीही वस्तू पाहायची असेल त्याने तिथे जाऊन तिचे चित्र मागावे. फोटोग्राफीला जेमतेम वीस वर्षे झालेली असताना सुचलेली ही कल्पना आहे.

होम्स यांचे ग्रंथालय त्यांना हवे तसे एका इमारतीत उभे राहिले नाही, पण त्याचे तुकडे आज आहेत. न्यूयॉर्क सार्वजनिक ग्रंथालयात रॉबर्ट डेनिस यांच्या नावाचा ७२ हजारांहून अधिक कार्डांचा संग्रह आहे. वॉशिंग्टनच्या लायब्ररी ऑफ काँग्रेसमध्ये सुमारे ५२ हजार कार्डे आहेत. सर्वांत मोठा साठा कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या रिव्हरसाइड येथील फोटोग्राफी संग्रहालयात आहे. पेनसिल्व्हेनियातील मीडव्हिल गावी १८९२ मध्ये सुरू झालेल्या कीस्टोन व्ह्यू कंपनीचे सारे भांडार तिथे आले आहे: सुमारे अडीच लाख निगेटिव्ह, त्यांतल्या बहुतेक काचेच्या, आणि एक लाख छापील चित्रे.

काचेच्या निगेटिव्ह म्हटल्या की फुटण्याची भीती आधी मनात येते. पण आणखी एक घोटाळा आहे, आणि विज्ञानाच्या शिक्षकाला तो आवडेल. स्टीरिओ कॅमेऱ्यात दोन भिंगे शेजारी शेजारी असतात आणि एकाच काचेवर दोन चित्रे उमटतात. प्रत्येक भिंग आपापले चित्र उलटे पाडते. वरचे खाली आणि डावीकडचे उजवीकडे. चित्रे सुलट पाहण्यासाठी आपण अख्खी काच अर्ध्या वर्तुळात फिरवतो. प्रत्येक चित्र सुलट होते खरे, पण काच फिरली म्हणून चित्रांच्या जागांचीही अदलाबदल होते. डाव्या भिंगाचे चित्र उजवीकडे जाते. जुने छपाईकार हे जाणून होते. ते छापलेला कागद मधोमध कापून दोन्ही भाग अदलाबदल करून पुठ्ठ्यावर चिकटवत. आज एखाद्याने निगेटिव्ह स्कॅन करून संगणकावर तिचे काळे-पांढरे उलटवले आणि तशीच ती स्टीरिओस्कोपमध्ये घातली, तर जवळचे दूर आणि दूरचे जवळ असे चमत्कारिक दृश्य दिसते. खांब भिंतीत खोदलेल्या खोबणीसारखा वाटतो. पाहणाऱ्याला वाटते, जुन्या लोकांचे तंत्रच कच्चे होते.

संग्रहकारांना सतावणारी दुसरी बाब व्यापारातून आली. कीस्टोन कंपनीने अंडरवुड अँड अंडरवुड, एच. सी. व्हाइट, किलबर्न अशा प्रतिस्पर्ध्यांचे साठे एकामागून एक विकत घेतले, त्यांना नवे क्रमांक दिले आणि पुन्हा छापले. त्यामुळे एकच दृश्य निरनिराळ्या कंपन्यांच्या नावांनी, निरनिराळ्या मजकुरासह सापडते. कार्ड कधी छापले आणि फोटो कधी काढला यांत वीस वर्षांचेही अंतर असू शकते. इतिहासाचा पुरावा म्हणून एखादे कार्ड वापरायचे असेल, तर त्याची पाठ, त्यावरचा क्रमांक आणि पुठ्ठ्याचा रंगसुद्धा चित्राइतकाच मोलाचा ठरतो. बरीच कार्डे मुद्दाम किंचित वक्र केलेली असतात. ती काचेखाली दाबून सपाट करायला गेले की वरच्या थराला भेगा पडतात.

या कंपन्यांची मोठी गिऱ्हाइके म्हणजे शाळा. कीस्टोनने शाळांसाठी ६०० कार्डांचा संच काढला होता. त्याबरोबर शिक्षकांसाठी जाडजूड मार्गदर्शक पुस्तक असे. एकच चित्र भूगोल, शेती, उद्योग अशा वेगवेगळ्या विषयांखाली कसे वापरता येईल याची सूची त्यात होती. अंडरवुडची युक्ती त्याहून सरस होती. त्यांच्या प्रवाससंचांबरोबर नकाशे येत. नकाशावर फोटोची जागा आकड्याने दाखवलेली असे आणि तिथून दोन लाल रेषा फाकत गेलेल्या असत. त्या रेषांमधला भाग म्हणजे चित्रात दिसणारा प्रदेश. आपण कुठे उभे आहोत, कोणत्या दिशेला पाहत आहोत आणि डाव्या कोपऱ्यातली इमारत कोणती, हे मुलाला नकाशा वाचूनच शोधावे लागे. नकाशावाचनाचा याहून चांगला पाठ माझ्या पाहण्यात नाही. आज अनेक संग्रहांत कार्डे एका खोक्यात आणि नकाशे भलत्याच कपाटात असतात, किंवा नसतातच.

अंडरवुडसाठी भारताचे फोटो काढणारे जेम्स रिकल्टन हे स्वतः शाळामास्तर. न्यूजर्सीतील मेपलवुडच्या शाळेत त्यांनी बरीच वर्षे शिकवले. सुटी लागली की ते प्रवासाला निघत. विजेच्या दिव्याच्या तंतूसाठी योग्य बांबू शोधायला १८८८ मध्ये एडिसन यांनी त्यांना आशियात पाठवले होते. पुढे शाळा सोडून ते पूर्णवेळ फोटोग्राफर झाले. भारतावरचा त्यांचा शंभर स्टीरिओ चित्रांचा संच पुस्तक आणि नकाशांसह १९०७ मध्ये निघाला. त्या प्रवासात मुंबईही आहे.

ही चित्रे पाहताना मन एकसारखे आनंदी राहत नाही. १९०० च्या सुमाराच्या दुष्काळातील हाडांचे सापळे झालेल्या माणसांची स्टीरिओ कार्डे त्या काळी विकली गेली. अमेरिकेतल्या दिवाणखान्यात बसून कोणीतरी त्या बरगड्या अक्षरशः मोजता येतील इतक्या स्पष्ट पाहिल्या. अशा काही कार्डांवरचा मजकूर कोरडा आहे, काहींवरचा तुच्छतेचा. तो मजकूर झाकावा असे काही जण म्हणतात. मला ते पटत नाही. फोटो काढणारा कोणाच्या बाजूला उभा होता हे त्या ओळींतूनच कळते. त्या चित्रासह जपायला हव्यात, आणि वर्गात दाखवताना त्यांवर बोलायलाही हवे.

आता मोजमापाकडे वळू, कारण माझ्या दृष्टीने खरा खजिना तिथे आहे. स्टीरिओ कॅमेऱ्याच्या दोन भिंगांमधले अंतर ७.५ सेंमी आणि भिंगाचे नाभीय अंतर १५ सेंमी आहे असे समजा. वस्तूचे कॅमेऱ्यापासूनचे अंतर काढण्यासाठी या दोन संख्यांच्या गुणाकाराला पराशयाने भागायचे, एवढेच सूत्र. समरूप त्रिकोणांचे नियम शिकलेला नववीचा विद्यार्थी ते सिद्ध करू शकेल. पाच मीटरवरच्या माणसाचा पराशय २.२५ मिलिमीटर येतो, दहा मीटरवरच्या माणसाचा त्याच्या निम्मा, आणि पन्नास मीटरवरच्या झाडाचा जेमतेम पाव मिलिमीटर. म्हणून अशा चित्रांत जवळच्या वस्तूंना भरपूर उठाव असतो आणि दूरचे डोंगर पडद्यावर रंगवल्यासारखे सपाट दिसतात.

पराशय कार्डावर मोजायचा कसा? क्षितिजाजवळचा एखादा बिंदू घ्या आणि तो डाव्या व उजव्या चित्रांत जिथे आहे त्या दोन जागांमधले अंतर मोजा. मग जवळच्या वस्तूसाठी तसेच करा. योग्य रीतीने चिकटवलेल्या कार्डावर दुसरे अंतर कमी भरते. दोहोंतला फरक म्हणजे पराशय. जुन्या कॅमेऱ्याचे आकडे बहुधा हाती नसतात, पण प्रमाण तरी मिळतेच: एका माणसाचा पराशय खांबाच्या दुप्पट असेल, तर तो खांबाच्या निम्म्या अंतरावर उभा आहे. आणि चित्रातल्या एका जरी वस्तूचे खरे अंतर माहीत असेल, तर बाकीच्यांची अंतरे काढता येतात. पडलेल्या इमारतींची, तोडलेल्या झाडांची, मागे सरकलेल्या हिमनद्यांची मापे अशी शंभर वर्षांनंतर घेता येतील. एकट्या फोटोतून ही माहिती अशी सरळ मिळत नाही. म्हणूनच ते "तोच फोटो पुन्हा" मला झोंबले.

डोळ्यांमधले अंतर वाढवले तर दूरच्या वस्तूंनाही उठाव येतो. याचे सुंदर उदाहरण म्हणजे चंद्र. वॉरन दि ला रू यांनी १८५० च्या दशकात चंद्राची स्टीरिओ चित्रे तयार केली. चंद्र आपल्याला एकच बाजू दाखवतो हे खरे, पण तो थोडा डोलतो. वेगवेगळ्या तारखांना, पण सावल्या जुळाव्यात म्हणून सारख्याच कलेचे दोन फोटो घेतले, की चंद्र किंचित वळलेला सापडतो. हा फरक आठ अंशांचा असेल, तर जणू आपल्या दोन डोळ्यांमध्ये पन्नास हजार किलोमीटरहून अधिक अंतर आहे. सपाट तबकडीचा गोल चेंडू होतो. आपल्या इस्रोचा २००५ मध्ये सोडलेला कार्टोसॅट-१ उपग्रह हेच काम खालच्या जमिनीसाठी करी. त्याचा एक कॅमेरा पुढे २६ अंशांनी आणि दुसरा मागे ५ अंशांनी कललेला होता, आणि त्या जोड्यांवरून जमिनीचे चढउतार मोजले जात.

वर्गात हे करून पाहायला स्टीरिओस्कोप लागत नाही. मोबाइलने समोरच्या दृश्याचा एक फोटो घ्या, शरीराचा भार डाव्या पायावरून उजव्या पायावर टाकत फोन सहा-सात सेंटिमीटर उजवीकडे सरकवा आणि दुसरा घ्या. प्रत्येक चित्र सहा सेंमी रुंदीचे छापून पहिले डावीकडे आणि दुसरे उजवीकडे ठेवा. दोहोंच्या मधल्या रेघेवर एक पोस्टकार्ड उभे धरा, त्याची वरची कड नाकाला टेकवा आणि दूर पाहत असल्यासारखी नजर सैल सोडा. सुरुवातीला तीन-चार मिनिटे काहीच होत नाही. मग अचानक होते. काही मुलांना कितीही प्रयत्न केला तरी खोली दिसत नाही. त्यांना हसू देऊ नका; एखाद्याचा डोळा तिरळा किंवा कमजोर असू शकतो, त्यांच्या पालकांना डोळ्यांच्या डॉक्टरांकडे जायला सुचवा.

लायब्ररी ऑफ काँग्रेस आणि न्यूयॉर्कच्या ग्रंथालयाची हजारो कार्डे त्यांच्या संकेतस्थळांवर विनामूल्य पाहता येतात, दोन्ही अर्ध्या भागांसह. छापून घेण्याआधी पट्टीने एवढे मात्र तपासा: जवळच्या वस्तूच्या दोन प्रतिमांमधले अंतर दूरच्या वस्तूपेक्षा कमी आहे ना? जास्त भरले, तर कात्री घ्या, चित्र मधोमध कापा आणि दोन्ही भागांची अदलाबदल करा.