पायथनमधील बहुवारशाची नोंद

एका क्लासला एकाहून अधिक पालक-क्लास असणे म्हणजे बहुवारसा. पायथनमध्ये त्यासाठी क्लासच्या नावापुढील कंसात पालकांची नावे लिहिली की भागते. माहितीपुस्तिका लिहिणाऱ्याची कसोटी मात्र त्यापुढे लागते, कारण दोन पालकांकडे एकाच नावाची मेथड असल्यास कोणाची चालेल, हे त्याला नेमके सांगावे लागते.

जुना नियम सांगायला सोपा होता : डावीकडच्या पालकाचे सगळे पूर्वज आधी तपासावेत आणि मग पुढच्या पालकाकडे वळावे. समजा, 'अ'पासून 'ब' आणि 'क' निघाले व त्या दोघांपासून 'ड' निघाला, तर शोध ड, ब, अ, क असा जातो आणि 'क'ने 'अ'ची मेथड मुद्दाम बदललेली असली तरी जुनीच चालते. २००१ साली आलेल्या २.२ आवृत्तीत नव्या धर्तीच्या सर्व क्लासांचे मूळ 'ऑब्जेक्ट' हा एकच क्लास ठरला, त्यामुळे असा समान पूर्वज प्रत्येक बहुवारशात येऊ लागला. त्या आवृत्तीतील तोडगा काही गुंतागुंतीच्या रचनांत विसंगत क्रम देई, म्हणून २००३ च्या २.३ आवृत्तीत 'सी-थ्री' ही रीत आली, जी १९९६ मध्ये डिलन या भाषेसाठी मांडली गेली होती. तीत पालकांच्या क्रमयाद्या आणि खुद्द पालकांची यादी शेजारी ठेवून एकेक नाव उचलतात. पुढे आलेले नाव दुसऱ्या एखाद्या यादीत कोणाच्या मागे असेल, तर ते तूर्त सोडून पुढची यादी पाहतात. 'ब' उचलल्यावर 'अ' पुढे येतो, पण 'क'च्या यादीत तो 'क'च्या मागे असल्याने आधी 'क' लागतो. दोन पालकांनी परस्परविरुद्ध क्रम धरले असतील, तर पायथन टाइपएरर देऊन क्लास घडवायलाच नकार देतो, आणि ते योग्यच आहे.

खरी अडचण 'सुपर'ची आहे. ते पालकाची मेथड बोलावते, असे सर्रास लिहिले जाते. पण वस्तू 'ड'ची असेल तर 'ब'मधील सुपर 'क'कडे जाते आणि 'क' हा 'ब'चा पालक नव्हे, भावंड आहे. अधिकृत संदर्भपुस्तिका 'पालक किंवा भावंड' अशी काळजी घेते. अधिकृत पाठांत मात्र हा क्रम गतिशीलपणे बदलतो अशा अर्थाचे वाक्य आहे, जे नवख्याला चकवणारे आहे. क्रम क्लास घडतानाच ठरतो, फक्त 'ब'नंतर कोण हे वस्तू कोणत्या क्लासची आहे त्यावर अवलंबून असते. म्हणूनच 'ब'ची माहिती लिहिताना त्याचे सुपर कोणती मूल्ये पुढे पाठवते, हेही नोंदवावे लागते, कारण ती स्वीकारणारा क्लास 'ब' लिहिला गेला तेव्हा अस्तित्वातही नसेल.