जुन्या जीपेस नवें एंजिन

बीड जिल्ह्यांत, बालाघाटच्या डोंगराळ भागांत, ज्या घरीं जुनी पेट्रोलची जीप आहे त्या घरीं एक वाद बहुधा ठरलेला असतो. गाडी आजोबांनीं घेतलेली. तिच्यांतून रात्रीअपरात्रीं आजारी माणसें अंबेजोगाईच्या रुग्णालयांत पोंचलेलीं. आतां एंजिन दमलें आहे. “डिझेलचें बसवून घेऊं,” असें तरुण म्हणतात. “आहे तेंच नीट करा,” असें वडील मंडळी. या वादाचा निकाल मायेवर किंवा हौसेवर न सोडतां विचारानें लावणें बरें.

कल्पना कांहीं नवी नाहीं. महिंद्र कंपनीच्या विलीज जातीच्या जीपांत आरंभीं पेट्रोलचें एंजिन असे. पुढें १९७९ सालीं त्याच कंपनीनें फ्रान्सच्या प्यूजो कंपनीकडून डिझेल एंजिन बनविण्याचा परवाना घेतला. मग कारखान्यास साधलें तें गांवच्या मेस्त्रीस कां साधूं नये?

याचें उत्तर एंजिनाच्या स्वभावांत आहे. पेट्रोल ठिणगीनें पेटतें. डिझेल दाबून तापलेल्या हवेनेंच पेट घेतें. जुन्या पेट्रोल एंजिनांत मिश्रण सुमारें सातपट दाबलें जातें. तशा डिझेल एंजिनांत हवा जवळजवळ वीसपट. हा जोर सोसावयाचा म्हणून डिझेल एंजिन भक्कम, जड व हादरे देणारें असतें. त्यास बॅटरी व स्टार्टर जबर लागतात; पुढचे पाटे, क्लच, रेडिएटर आणि गिअर हींही जुळवावीं लागतात. एंजिन बदललें आणि ब्रेक जुनेच राहिले, तर धारूरचा घाट उतरतांना ती चूक जिवावर बेतेल.

दुसरी बाजू कायद्याची. एंजिनाचा क्रमांक व इंधनाचा प्रकार नोंदणीपत्रांत लिहिलेला असतो. मोटार वाहन कायदा, १९८८, याचें कलम ५२ निर्मात्याच्या मूळ तपशिलाशीं विसंगत असा फेरफार करण्यास मना करतें. सर्वोच्च न्यायालयानेंही २०१९ सालीं हेंच बजावलें. खासगी गाडीची नोंदणी पंधरा वर्षांनीं तपासणी करून नवी करावी लागते. त्या वेळीं न जुळणारा क्रमांक लपत नाहीं. अपघात झाल्यास विम्याचा प्रश्नही अडतो.

म्हणून आधीं परिवहन कार्यालयांत विचारणा, मग मेस्त्री. परवानगी नसेल तर जुनेंच एंजिन बोअर करून, नवे पिस्टन घालून घ्यावें. त्यांत हौस थोडी कमी भागेल. पण अडल्या रात्रीं विश्वासानें बसतां येईल अशी गाडी घरीं राहील.