वणिक्पथ आणि कोंकण

कौटिल्यानें अर्थशास्त्रांत राज्याच्या उत्पन्नाचीं सात अंगें सांगितलीं आहेत. दुर्ग, खाणी, अरण्यें यांच्या पंक्तीस त्यानें ‘वणिक्पथ’, म्हणजे व्यापाराचा मार्ग, यालाही बसविलें. आणि तो स्थलाचा व जलाचा असा द्विविध मानला. या वचनाचें मर्म कळण्यास राजापूरचा इतिहास पुरेसा आहे.

राजापूर हें समुद्रापासून आंत, खाडीच्या शिरोभागीं वसलेलें. सतराव्या शतकांत येथें इंग्रजांची वखार होती. घाटमाथ्यावरचा माल बैलांच्या पाठीवरून अणस्कुऱ्याच्या घाटानें खालीं उतरे व येथून गलबतांनीं बाहेर जाई. जलमार्ग आणि स्थलमार्ग यांची गांठ जेथें पडली, तेथें पेठ उभी राहिली.

पुढें इ. स. १८३० मध्यें बोरघाटांतून गाडीरस्ता झाला आणि १८६३ मध्यें त्याच घाटांतून आगगाडी धांवूं लागली. देशावरचा माल सरळ मुंबईस जाऊं लागला. मुंबई वाढली, इकडे राजापूरची खाडी गाळानें भरत गेली. मग कोंकणांतून मालाऐवजीं माणसेंच बाहेर पडूं लागलीं आणि मनिऑर्डरीवर संसार चालूं लागले. आपल्यापैकीं कित्येकांच्या घरीं ‘मूळ गांव’ हा शब्द कुलदेवतेच्या दर्शनापुरता उरला आहे. त्याच्या अनेक कारणांपैकीं हें एक होय.

१९९८ मध्यें कोंकण रेल्वे राष्ट्रास अर्पण झाली. रोह्यापासून मंगळुरापर्यंत सुमारें ७४० किलोमीटरांचा हा मार्ग. त्यांतील एकटा करबुड्याचा बोगदाच साडेसहा किलोमीटर लांब. १९९९ पासून भरलेले ट्रकही आगगाडीवर चढवून नेण्याची सोय झाली. परंतु येथील एका स्थानकाचें नांव पाहावें: ‘राजापूर रोड’. रेल्वेच्या परिभाषेंत ‘रोड’ म्हणजे गांव येथें नाहीं, येथून गांवाकडे वाट जाते. ही उरलेली वाटच व्यापाऱ्यास महाग पडते. बागेंतली आंब्याची पेटी एकदां ट्रकांत चढली कीं थेट वाशीच्या बाजारांत उतरते. तीच रेल्वेनें न्यावयाची तर चढवा, उतरवा, पुन्हां चढवा, पुन्हां उतरवा. आणि हापूस तर नाजूक फळ! म्हणून त्याच्या असंख्य पेट्या आजही रुळांना वळसा घालून रस्त्यानेंच जातात.

तात्पर्य, मार्ग स्वतः धन निर्माण करीत नाहीं. तो केवळ वाहतो. वाहण्याजोगा माल नसेल तर तो माणसेंच वाहून नेतो. गांवापासून स्थानकापर्यंत पक्का रस्ता, स्थानकालगत शीतगृह, आंब्याची प्रतवारी करण्याची जागा, आमरसाचे व काजूगराचे कारखाने, एवढें जुळून आलें तरच रुळांचें चीज होईल. २०१८ मध्यें कोंकणच्या हापुसाला भौगोलिक मानांकन मिळालें, म्हणजे नांवास किंमत आली. ती किंमत गांवांत उतरली पाहिजे.

गणेशचतुर्थीस कोंकणांत दाटीनें येणाऱ्या गाड्या विसर्जनानंतर तितक्याच दाटीनें परत जातात. त्यांतील चार तरुण गांवींच राहूं शकतील इतका उद्योग स्थानकाभोंवतीं उभा राहिला, म्हणजे या लोहमार्गास वणिक्पथ हें नांव खरोखर शोभेल.