गॅस संपत नाही, गळतो

मी पडलो कलाशाखेचा विद्यार्थी. यंत्राशी माझा संबंध सायकलची उतरलेली चेन चढवण्यापुरता. तरीही या अंकासाठी लिहायला बसलो आहे तो ट्रकच्या एसीवर, आणि त्याला कारण माझे मामा.

मामांचा मालट्रक जुना, सेकंडहँड घेतलेला. पण केबिनला एसी आहे. अकोला-नागपूर रस्त्यावर मे महिन्यात पारा ४५ अंशांपर्यंत जातो. अशा वेळी एसी ही चैन राहत नाही. उन्हाने ग्लानी आलेल्या चालकाच्या हाती स्टिअरिंग असणे किती धोक्याचे, हे सांगायला नको. मामा दर एप्रिलात गॅस भरून घेत आणि पावसाळ्याच्या तोंडाशी गारवा नाहीसा होई. तीन वर्षे हाच क्रम चालला. "गॅस संपतो रे, डिझेलसारखा," असे ते म्हणत, आणि मलाही ते पटत असे.

गेल्या मे महिन्यात मी त्यांच्याबरोबर एका वयस्कर मिस्त्रींकडे गेलो. त्यांनी गॅस भरायला साफ नकार दिला. "आधी गळती शोधू, मग गॅसचं बघू," ते म्हणाले. मग त्यांनी मला जे समजावले, ते असे.

एसीतला गॅस जळत नाही, खर्च होत नाही. कॉम्प्रेसर त्याला दाबतो, तेव्हा तो तापतो. रेडिएटरपुढच्या कंडेन्सरच्या जाळीत उष्णता बाहेर टाकून तो द्रवरूप होतो. पुढे एका बारीक छिद्रातून सुटला की दाब घसरतो, द्रव उकळू लागतो आणि उकळण्यासाठी लागणारी उष्णता केबिनच्या हवेतून शोषून घेतो. हा फेरा बंद नळ्यांतून अखंड चालतो. म्हणजे गॅस कमी झाला, तर तो कुठून तरी गळाला असलाच पाहिजे.

"मग मीटरवर दाब बघून भरत का नाहीत?" मी विचारले. मिस्त्री हसले. "घरचा सिलिंडर भरलेला आहे की नाही, ते कसं ओळखता? उचलूनच ना?" आत थोडाही द्रव शिल्लक असेल तोवर बंद यंत्रातला दाब तपमानावर ठरतो, गॅस किती उरला यावर नाही. म्हणून गॅस वजनावरच भरायचा, गाडीवरच्या पट्टीवर लिहिला असेल तेवढा. जास्त झाला तर दाब वाढतो, गारवा कमी होतो आणि कॉम्प्रेसरवर ताण येतो.

गॅसबरोबर कॉम्प्रेसरचे तेलही फिरते. त्यामुळे गळतीच्या जागी तेलकट धूळ साचते. मिस्त्रींना ती एका होजच्या सांध्यावर दिसली. उरलासुरला गॅस त्यांनी यंत्राने टाकीत ओढून घेतला, हवेत सोडला नाही. मग नायट्रोजन भरून साबणाचे पाणी लावले, तसे सांध्यावर बुडबुडे आले. आतले रबरी कडे चिरले होते. ते बदलून व्हॅक्यूम पंपाने आतली हवा व ओल काढली. ओल राहिली तर छिद्राशी तिचा बर्फ होतो आणि तेलाशी मिळून आम्लही. अर्धा तास काटा हलला नाही, तेव्हा कुठे गॅस भरला.

तो हवेत का सोडायचा नाही, हे मी नंतर वाचले. जुन्या गाड्यांतला आर-१२ हा गॅस ओझोनचा थर विरळ करतो, म्हणून १९८७ च्या माँट्रियल करारानुसार तो टप्प्याटप्प्याने बंद झाला. त्याच्या जागी आलेला आर-१३४ए ओझोनला अपाय करत नाही, पण वातावरण तापवण्यात तो कार्बन डायऑक्साइडच्या हजार पटींहून अधिक प्रभावी आहे. मामांच्या ट्रकमध्ये हाच आहे. केबिन थंड ठेवण्यासाठी दरसाल आपण बाहेरचे ऊन वाढवत होतो!

पावसाळा सरला, दिवाळीही झाली. गारवा अजून टिकून आहे. तेव्हा वाचकहो, एसी गाडीचा असो वा घरचा, 'गॅस भरून द्या' म्हणण्याआधी 'गळती कुठे आहे?' एवढे जरूर विचारा. मामा अजून हिशेब मांडतात : तीन उन्हाळ्यांचा गॅस, आणि एक रबरी कडे.