पार्वतीबाईंचें सौभाग्य : मायन्याच्या पुराव्याचा विचार

जुन्या पत्राचा मायना संग्राहक वाचतात तो बहुधा लिहिणाराचा व ज्यास लिहिलें त्याचा परस्परसंबंध कळावा म्हणून. स्त्रियांस लिहिलेल्या पत्रांत मात्र मायना आणखी एक गोष्ट सांगतो. ‘सौभाग्यवती’ अथवा ‘वज्रचुडेमंडित’ हीं पदें पति हयात असल्याचीं दर्शक होत. ‘गंगाभागीरथी’ हें पद तो निवर्तल्याचें दर्शक होय. म्हणून पतीच्या मृत्यूची मिति ठाऊक असली म्हणजे बिनतारखेच्या पत्राचा काळ ठरविण्यास ह्या पदांचा आधार घेतां येतो, व सामान्यतः तो भक्कम असतो. परंतु पति युद्धांत नाहींसा झाला आणि तो मेला कीं वांचला ह्याचा निकालच लागला नाहीं, तर ही कसोटी कितपत टिकते? सदाशिवरावभाऊ व त्यांच्या पत्नी पार्वतीबाई ह्यांच्या उदाहरणावरून हा प्रश्न स्पष्ट होतो.

उत्तरेच्या स्वारींत तीर्थयात्रेच्या हेतूनें पुष्कळ बायकामाणसें लष्कराबरोबर गेलीं होतीं. शके १६८२ पौष शुद्ध ८ बुधवार, म्हणजे ता. १४ जानेवारी १७६१ रोजीं लढाई मोडली, तेव्हां एका प्रहरांत किती कुटुंबांची ताटातूट झाली ह्याची गणती नाहीं. नाना फडणीस त्या वेळीं अठरा वर्षांचे होते. त्यांची आई व पत्नी दोघीहि बरोबर होत्या. नाना जीव घेऊन निघाले. पुढें पत्नी भेटली. आई परत आली नाहीं. हें दुःख त्यांनीं आपल्या आत्मचरित्रांत स्वतःच नमूद केलें आहे. पार्वतीबाईंची स्थिति याहून निराळी. त्या रणांतून निभावून दक्षिणेंत परतल्या, पण भाऊसाहेब आले नाहींत, आणि ते पडले असें सर्वांची खात्री पटेल अशा रीतीनें सांगणाराहि कोणी आला नाहीं.

भाऊसाहेबांच्या मृत्यूविषयीं पुरावा अगदींच नाहीं असें नाहीं. शुजाउद्दौल्याच्या पदरचा काशीराजपंत त्या वेळीं शत्रूच्या गोटांत होता. त्याच्या फारसी वृत्तांतांत, शिर नसलेलें एक प्रेत भाऊंचें म्हणून ओळखलें गेलें, पुढें शिरहि मिळालें व दहन झालें, असें आहे. पण हा वृत्तांत बऱ्याच वर्षांनीं लिहिला गेला. पुण्यास त्या काळीं पोंचत होत्या त्या तुटक व परस्परविरोधी बातम्या. पार्वतीबाईंनीं पतीचा मृत्यु मानला नाहीं व सौभाग्यचिन्हें उतरलीं नाहींत.

ह्यास शास्त्राचा आधार होता काय, असा प्रश्न साहजिक येतो. परागंदा झालेल्या मनुष्याची वार्ता न लागल्यास कांहीं काळ वाट पाहून, पळसाच्या ३६० पर्णांची प्रतिकृति करून तिचें दहन करावें व मग उत्तरक्रिया करावी, असें निबंधग्रंथ सांगतात. ही मुदत वयपरत्वें वीस, पंधरा व बारा वर्षांची सांगितली आहे; तरुणाची सर्वांत लांब. भाऊसाहेबांचा जन्म १७३० चा, म्हणजे पानिपतच्या वेळीं वय तिशीचें. त्यांस कोणतीहि मुदत लाविली तरी ती अनुक्रमें १७८१, १७७६ व १७७३ ह्या सालीं भरते. पार्वतीबाई वारल्या १७८३ त. अर्थात् लांबांत लांब मुदतहि उलटून गेल्यावर त्या सुवासिनीच होत्या. त्यांच्या मृत्यूनंतर भाऊसाहेबांचीहि उत्तरक्रिया झाली, असें सांगतात. तेव्हां ह्या सौभाग्याचें कारण ग्रंथांतील मुदतींत शोधूं नये. तें एका स्त्रीच्या निश्चयांत आणि तो निश्चय मोडण्यास न धजणाऱ्या घराण्याच्या आदरांत आहे.

हा आदर पोकळ नव्हता. नारायणरावांच्या खुनानंतर १७७४ च्या आरंभीं गरोदर गंगाबाईंस पुरंदरावर नेलें, तेव्हां त्यांच्यासोबत वडीलकीच्या नात्यानें पार्वतीबाई होत्या. परंतु ह्याच अनिर्णयाची किंमत राज्यासहि द्यावी लागली. भाऊसाहेब म्हणवून घेणारा एक कनोजा ब्राह्मण रत्नागिरीस कैदेंत होता. १७७६ त तेथील अंमलदार रामचंद्र नाईक परांजपे ह्यानें त्यास मोकळें करून खरा भाऊ म्हणून पुढें केलें. कोंकणांतील किल्ले त्याच्या हातीं गेले, फौज जमली, आणि महादजी शिंदे ह्यांस त्याजवर चालून जावें लागलें. पराभवानंतर आंग्र्यांनीं तोतयास धरिलें, व डिसेंबर १७७६ त पुण्यास त्यास देहांत शिक्षा झाली. ज्या घरांत भाऊंची पत्नी सौभाग्यलेणें लेऊन वावरत होती, त्या घराच्या नांवावर भाऊ परत आल्याची वार्ता खपविणें सोपें होतें.

ह्यावरून संग्राहकांनीं ध्यानांत धरण्यासारख्या गोष्टी तीन. पहिली, ज्या घराण्यांतील कोणी पानिपतावर गेला त्या घराण्याच्या कागदांत केवळ ‘सौ.’ पाहून पत्र १७६१ च्या पूर्वींचें ठरवूं नये; तें पद पतीच्या हयातीचें नसून पत्नीच्या श्रद्धेचें असूं शकतें. दुसरी, ‘कामास आले’ आणि ‘ठिकाण लागलें नाहीं’ हे शब्दप्रयोग एकच समजूं नयेत. पहिल्यांत निर्णय आहे, दुसऱ्यांत वाट पाहणें आहे. तिसरी, किरकोळ म्हणून बाजूस पडणारे खर्चाचे कागद जपावे. हळदकुंकू, बांगड्या, खणलुगडीं ह्यांची बाब कोठवर चालते व श्राद्धाचा खर्च कोणत्या सालीं प्रथम पडतो, हें त्यांतूनच कळतें. सामान्य शिलेदाराच्या घरीं बालपरवेशीची सनद मिळाली, तर सरकारानें त्याचा मृत्यु केव्हां धरला हें त्या सनदेच्या तारखेवरून उमगतें.

सरदारांच्या कुटुंबांची हकीकत बखरींत आली. बारगीर-शिलेदारांच्या बायकांनीं किती वर्षें वाट पाहिली, हें अशा फाटक्या यादींतूनच निघेल. म्हणून दप्तर बांधतांना त्या टाकून देऊं नयेत.