उजेडाची काटकसर

पाचशेची नोट पुढे केली की काही दुकानदार ती गल्ल्याशेजारच्या जांभळ्या दिव्याखाली धरतात. कागदातले बारीक धागे लगेच चमकून उठतात. त्या दिव्याखाली आपला पांढरा सदराही निळसर झळाळतो, कारण धुण्याच्या पावडरीत तशी द्रव्यं घातलेली असतात. स्पिरिटमध्ये विरघळवलेली चिमूटभर हळद धरली, तर तीही हिरवट-पिवळी उजळते. एका रंगाचा प्रकाश गिळायचा आणि दुसऱ्या रंगाचा बाहेर टाकायचा, या गुणाला फ्लुओरेसन्स म्हणतात, मराठीत प्रतिदीप्ती. जिवंत पेशीच्या पोटात काय घडतंय ते आज शास्त्रज्ञांना दिसतं, त्यात या गुणाचा वाटा फार मोठा आहे.

हे नाव दिलं जॉर्ज स्टोक्स यांनी, १८५२ साली, फ्लोरस्पार या खनिजावरून. क्विनाइनच्या द्रावणावर प्रयोग करताना त्यांनी दाखवलं की, बाहेर पडणारा प्रकाश आत गेलेल्या प्रकाशापेक्षा जास्त तरंगलांबीचा असतो. सूक्ष्मदर्शक नेमका हाच फरक वापरतो. पेशीवर निळा प्रकाश टाकायचा. तिच्यातलं द्रव्य हिरवा परत देतं. मधे असा आरसा बसवायचा, की जो निळ्याला पेशीकडे वळवतो आणि हिरव्याला आरपार सोडतो. मग डोळ्यापर्यंत पोचतो तो फक्त हिरवा. अमावास्येच्या आभाळात चांदण्या दिसाव्यात, तसे काळ्या पार्श्वभूमीवर पेशीचे अवयव दिसू लागतात.

जेलीफिशची देणगी

अडचण होती रंगाची. पेशी जवळजवळ पारदर्शक असते आणि तिला रंगवायच्या जुन्या पद्धतींत बहुधा तिला आधी मारावं लागे. जिवंत पेशीने स्वतःच तयार करावा असा रंग हवा होता.

तो सापडला समुद्रात. १९६१ च्या उन्हाळ्यात ओसामु शिमोमुरा हे जपानी रसायनशास्त्रज्ञ अमेरिकेच्या वॉशिंग्टन राज्यातल्या फ्रायडे हार्बर या गावी सुमारे दहा हजार जेलीफिश गोळा करत होते. ते कशामुळे चमकतात, हे त्यांना शोधायचं होतं. एका संध्याकाळी बिनकामाचा अर्क त्यांनी मोरीत ओतला आणि मोरी निळी उजळली. तिथे समुद्राचं पाणी साचत होतं. त्यातल्या कॅल्शियमने काम केलं होतं. निळा प्रकाश देणारं प्रथिन त्यांच्या हाती आलं. पण जेलीफिश तर हिरवा चमकतो! तो निळा प्रकाश गिळून हिरवा परत देणारं दुसरं प्रथिन अर्कात होतं. तेच जीएफपी, म्हणजे हिरवं प्रतिदीप्त प्रथिन.

पुढे तीस वर्षं ते तसं दुर्लक्षितच राहिलं. १९९२ मध्ये डग्लस प्रॅशर यांनी त्याचा जनुक वेगळा केला. पण संशोधनाचा निधी संपल्यावर त्यांनी तो मार्टिन चॅल्फी आणि रॉजर त्सिएन यांना देऊन टाकला. चॅल्फी यांनी १९९४ मध्ये मिलिमीटरभर लांबीच्या एका पारदर्शक कृमीत तो घातला आणि स्पर्श ओळखणाऱ्या चेतापेशी जिवंतपणी हिरव्या झाल्या. त्सिएन यांनी प्रथिनात बदल करून ते जास्त तेजस्वी केलं, त्याला निळ्या-पिवळ्या छटा दिल्या. या प्रथिनाला चमकण्यासाठी हवेतल्या ऑक्सिजनखेरीज बाहेरचं काही लागत नाही, हे सगळ्यात मोलाचं. २००८ चं रसायनशास्त्राचं नोबेल शिमोमुरा, चॅल्फी आणि त्सिएन यांना मिळालं. तेव्हा प्रॅशर अलाबामात मोटारींच्या एका दुकानाची ग्राहकांना ने-आण करणारी गाडी चालवत होते. चॅल्फी आणि त्सिएन यांनी त्यांना सपत्नीक स्टॉकहोमला बोलावलं.

पाहण्याची किंमत

हळदीचा डाग उन्हात टाकला की उडतो, हे आपल्या घरोघरी ठाऊक असतं. सूक्ष्मदर्शकाखाली तेच होतं. तीव्र प्रकाशात प्रतिदीप्त रेणू मोडतात आणि चित्र फिकं पडत जातं. शिवाय त्यातून ऑक्सिजनची घातक रूपं तयार होऊन पेशीलाच इजा होते. आपण पाहतोय ती पेशी जगतेय की मरतेय, हाच प्रश्न पडावा! म्हणून या तंत्राची पुढची वाटचाल ही मुख्यतः उजेडाच्या काटकसरीची गोष्ट आहे.

मार्विन मिन्स्की यांनी १९५७ मध्ये पेटंटसाठी अर्ज केला, तो कॉन्फोकल सूक्ष्मदर्शकाचा. एका बारीक छिद्रातून फक्त नेमक्या पातळीवरचा प्रकाश पुढे जातो, बाकीचा अडतो. चित्र स्वच्छ मिळतं, पण वरखालचे थर विनाकारण भाजतातच. १९९० मध्ये कॉर्नेल विद्यापीठात यावर तोड निघाली. अवरक्त लेसर असा वापरायचा, की रेणूला एकाच वेळी दोन प्रकाशकण मिळाले तरच तो चमकेल. असा योग फक्त केंद्रबिंदूवर जुळतो, म्हणून उजळतो तोच. या युक्तीने जिवंत प्राण्याच्या मेंदूतही खोलवर पाहता येतं.

२००४ मध्ये जर्मनीतल्या हायडेलबर्गच्या प्रयोगशाळेतून पुढे आलेली युक्ती कौलारू घरात वाढलेल्यांना चटकन कळेल. कौलाच्या फटीतून आलेल्या तिरिपीत धूलिकण कसे लखलखतात! तसा प्रकाशाचा पातळ पडदा बाजूने सोडायचा आणि काटकोनातून पाहायचं. जो थर पाहायचा तेवढाच उजळतो. झेब्राफिश माशाच्या वाढत्या गर्भातल्या पेशींचा प्रवास अशाच पद्धतीने दिवसभर टिपला गेला.

रंग उडण्याच्या दोषालाही शास्त्रज्ञांनी कामाला लावलं. पेशीच्या आवरणावरचा एक ठिपका लेसरने मुद्दाम विझवायचा आणि शेजारचे चमकते रेणू सरकत येऊन तो किती वेळात भरतात ते मोजायचं. त्यावरून आवरण किती प्रवाही आहे ते कळतं.

साध्या सूक्ष्मदर्शकाला सुमारे २०० नॅनोमीटरपेक्षा बारीक तपशील वेगळा दाखवता येत नाही, हे एर्न्स्ट आबे यांनी १८७३ मध्ये सांगितलं होतं. ती मर्यादा प्रतिदीप्त रेणू हवे तेव्हा चालू-बंद करून ओलांडता आली आणि २०१४ चं रसायनशास्त्राचं नोबेल एरिक बेट्झिग, श्टेफान हेल आणि विल्यम मोर्नर यांना मिळालं. पण अशा सूक्ष्म चित्रांना उजेड फार लागतो. म्हणूनच असेल, बेट्झिग स्वतः त्याच वर्षी प्रकाशाचा आणखी पातळ पडदा घेऊन पुढे आले.

या दिवाळीत घरी एक प्रयोग करून पाहा. अर्धी वाटी सॅनिटायझरमध्ये चिमूटभर हळद ढवळा, खोलीत अंधार करा आणि नोटा तपासायच्या दिव्याखाली वाटी धरा. वाटी पणत्यांपासून लांब ठेवा. दिव्याकडे थेट पाहू नका. त्याच हळदीच्या द्रावणात भिजवलेली फडक्याची चिंधी अर्धी झाकून दोन दिवस उन्हात ठेवा. झाकलेला भाग पिवळा राहील, उघडा फिकटेल. प्रकाश दाखवतो आणि पुसतोही, हे मुलांना समजवायला याहून सोपा धडा नाही.